उजाड झालेली घरची हिरवळ एका पावसाळ्यात, थोड्या खर्चात परत आणण्यासाठी

दोन-तीन वर्षे बंद राहिलेल्या किंवा भाड्याने दिलेल्या घराचा ताबा परत घेतला की पुढच्या अंगणाची अवस्था बहुधा सारखीच दिसते. कुठे गुडघाभर गवत वाढलेले असते, कुठे गाजरगवताने जागा व्यापलेली असते, मधूनच टणक झालेली उघडी जमीन दिसते आणि कुंपणाच्या कडेला बांधकामाचा राडारोडा पडलेला असतो. हे पाहून घरातल्या मंडळींना सर्वांत आधी सुचते ते सगळे खरवडून टाकून रोपवाटिकेतून तयार गवताच्या गाद्या आणून अंथरणे. पण हा खर्च पुष्कळ ठिकाणी अनावश्यक असतो आणि अनेकदा वायाही जातो, कारण जुनी हिरवळ ज्या कारणाने गेली ते जमिनीत तसेच राहते आणि वर्षा-दोन वर्षांत नव्या गादीचीही तीच गत होते.

पुणे, नाशिक, अहिल्यानगर, सातारा, सोलापूर या पठारी भागातल्या घरांपुढची जुनी हिरवळ बहुतेक वेळा हरळीची, म्हणजे आपल्या दूर्वांच्याच जातीची असते. 'सिलेक्शन' या नावाने विकले जाणारे बारीक पानाचे गवतही हरळीचाच निवडलेला प्रकार आहे. शेतात शिरलेली हरळी काढताना शेतकरी मेटाकुटीला येतो, तो तिच्या जमिनीखालच्या खोडांमुळे. हाच चिवटपणा इथे आपल्या उपयोगाचा आहे. वरून मेलेली दिसणारी हिरवळ खाली बहुधा जिवंत असते, आणि आपले काम तिला जागा, हवा, ऊन आणि थोडे अन्न मिळवून देण्याचे असते. पुढील सर्व प्रमाणे सुमारे ५०० चौरस फूट, म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर हिरवळीसाठी दिली आहेत. आपली जागा लहानमोठी असेल तर त्या हिशेबाने कमीजास्त करावीत. साहित्याचे आणि मजुरीचे दर गावोगाव वेगळे असल्याने रुपयांऐवजी परिमाणे दिली आहेत, म्हणजे जवळच्या दुकानात विचारून प्रत्येकाला आपला अंदाज बांधता येईल.

खर्च करण्यापूर्वी पाहणी

मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी, अंगणाच्या चार-पाच निरनिराळ्या ठिकाणी खुरप्याने हाताच्या पंजाएवढे आणि चार बोटे खोल ढेकूळ काढावे. ते हातात फोडले की मातीतून आडवी धावणारी, पेन्सिलीच्या शिशापेक्षा थोडी जाड खोडे दिसतील. त्यांवर ठरावीक अंतराने गाठी असतात आणि गाठींवर कागदासारखे पातळ, फिकट पापुद्रे असतात. असे एक खोड नखाने मोडून पाहावे. आतून ते पांढरे किंवा मलईच्या रंगाचे असेल आणि मोडताना कट् असा आवाज आला तर ते जिवंत आहे. आतून तपकिरी, पोकळ आणि भुसभुशीत निघाले तर ते मेलेले आहे. बहुतेक ढेकळांत पांढरी खोडे सापडली तर नवे गवत विकत घेण्याची गरज नाही. निम्म्याहून जास्त ठिकाणी काहीच सापडले नाही, तरच नव्या लागवडीचा विचार करावा, आणि तोही पुढे सांगितलेली जमिनीची कामे उरकल्यावर.

याच वेळी उन्हाचीही नोंद घ्यावी. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता कोणता भाग सावलीत असतो, याचे एका कागदावर ढोबळ चित्र काढले तरी पुरते. हरळीला रोज किमान सहा तास थेट ऊन लागते. आंब्याखाली किंवा शेजारच्या इमारतीच्या सावलीत ती कितीही खत-पाणी दिले तरी विरळच राहते. अशा भागात दरवर्षी गवत लावून दरवर्षी ते गमावण्यापेक्षा तिथे मोंडो ग्रास किंवा क्लोरोफायटम यांसारखी सावलीत तगणारी झाडे लावावीत, किंवा सरळ पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवावे. खालच्या फांद्या छाटून ऊन आत घेता येते, मात्र शहरी हद्दीत १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू असल्याने मोठी छाटणी करण्यापूर्वी नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे चौकशी करणे आवश्यक आहे.

तिसरी तपासणी पाण्याची आहे. तळ आणि झाकण कापलेला पत्र्याचा डबा दोन बोटे जमिनीत दाबून बसवावा, पाण्याने भरावा, ते जिरल्यावर पुन्हा भरावा आणि दुसऱ्या वेळेचे पाणी किती वेळात जिरते ते पाहावे. तासाभरात दोन-तीन सेंटिमीटर पाणीही जिरत नसेल तर जमीन दबलेली आहे, आणि तुमचा बहुतेक वेळ व पैसा खतावर नव्हे तर जमीन मोकळी करण्यावर खर्च झाला पाहिजे.

कामाचा हंगाम

हरळी उष्ण हवेत वाढणारे गवत आहे. पठारावर डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १० अंशांच्या आसपास उतरते, तेव्हा तिची वाढ जवळजवळ थांबते. त्या काळात उकरलेली किंवा लावलेली हिरवळ महिनोन्‌महिने तशीच बसून राहते आणि त्या मोकळ्या जागेत तण घुसते. सर्वांत स्वस्त हंगाम म्हणजे मृगाच्या आगेमागे सुरू होणारा. मे महिन्यात सफाई आणि खोदाई उरकून ठेवावी आणि जूनमध्ये पहिला दमदार पाऊस झाला की पुढची कामे सुरू करावीत. नळाच्या पाण्यावर जे काम महाग पडते, ते पाऊस फुकट करून देतो. पाणी मुबलक असेल तर फेब्रुवारीच्या अखेरीसही सुरुवात करता येते, पण थोड्या खर्चात काम करू पाहणाऱ्याने पावसाळाच धरावा.

कोकणात आणि गोव्यात मात्र हिशेब वेगळा आहे. तिथे जून-जुलैच्या धारांत वर पसरलेले खत आणि माती वाहून जाते, म्हणून तिथे पावसाळ्यापूर्वी फक्त सफाई आणि पाण्याचा निचरा करून घ्यावा आणि खत घालण्याचे व गवत लावण्याचे काम पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबरात करावे.

सफाई आणि पहिली कापणी

वाढलेल्या गवतात हात घालण्यापूर्वी पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि हातात जाड मोजे घालावेत. घोणस आणि फुरसे अशा ठिकाणी सहज आसरा घेतात, त्यामुळे लांब काठीने गवत हलवत पुढे जावे, विटांचे आणि फरशांचे ढीग हाताने न उचलता आधी पहारीने सरकवावेत आणि हे काम भर दिवसाउजेडी करावे. यात घाई करू नये.

गवत गुडघाभर उंच असेल तर ते एकदम जमिनीलगत कापू नये. उंच वाढलेल्या गवताची हिरवी पाने फक्त शेंड्याकडे असतात आणि खाली नुसत्या काड्या उरतात. एका घावात सगळे कापले तर पाने अजिबात शिल्लक राहत नाहीत. विळ्याने आधी निम्मे कापावे, आठ-दहा दिवसांनी पुन्हा निम्मे करावे आणि पाऊस तोंडावर आला की शेवटी दोन बोटांवर आणावे. यासाठी मशीन विकत घेण्याची गरज नाही. ५०० चौरस फुटांना विळा आणि गवत कापायची लांब कात्री पुरते. सगळे कापून झाल्यावर लोखंडी दाताळ्याने दोन दिशांनी जोर देऊन ओढावे, म्हणजे बुडाशी साचलेला वाळका थर निघून येतो. हा थर अंगठ्याएवढा जाड झाला की पाणी आणि खत खाली पोहोचू देत नाही, आणि पुष्कळ जुन्या हिरवळी यानेच गुदमरलेल्या असतात. निघालेला वाळका पाला खताच्या खड्ड्यात टाकावा, पण बी धरलेले तण त्यात जाऊ देऊ नये.

तण

गाजरगवत सर्वांत आधी आणि फुलण्यापूर्वी उपटावे. १९५०च्या दशकात पुण्यात लक्षात आलेल्या या तणाने पुढे सबंध देश व्यापला, तो त्याच्या अफाट बीजोत्पादनामुळे. त्याच्या स्पर्शाने त्वचेला खाज आणि चट्टे येतात आणि परागकणांनी काहींना शिंका व दमा सुरू होतो, म्हणून हातमोजे आणि तोंडाला रुमाल हवाच. पाऊस पडून गेल्यावर ओल्या जमिनीतून ते मुळासकट सहज निघते आणि वरून कापलेले पुन्हा फुटते, म्हणून ते कापू नये, उपटावेच.

खरी कसोटी लव्हाळ्याची आहे. वरवर पाहता तो गवतासारखाच दिसतो. मात्र त्याचा फुलोऱ्याचा दांडा दोन बोटांत धरून फिरवला तर तीन कडा जाणवतात. मुळाशी खोल खणले तर तारेसारख्या काळ्या धाग्यांवर ओवलेले, करवंदाच्या बीपासून बोराच्या आठळीपर्यंत निरनिराळ्या आकाराचे काळपट कंद सापडतात. त्यांना मंद सुगंध असतो आणि दिवाळीच्या उटण्यात पडणारा नागरमोथा तो हाच. लव्हाळा ओढला की पाने हातात येतात आणि कंद खालीच राहतो, त्यामुळे एकदा निंदून तो गेला असे समजणाऱ्याची महिनाभरात निराशा होते. तरीही त्याला हटवता येते. कोंब वर आल्यावर नवे कंद धरायला त्याला काही आठवडे लागतात, म्हणून दर पंधरा दिवसांनी, न चुकता, खुरप्याचे टोक चार बोटे खाली घालून प्रत्येक कोंब काढत राहिले तर जुन्या कंदातला साठा संपत जातो आणि नवा तयार होत नाही. एका पावसाळ्यात तो निम्म्यावर येतो. पूर्ण जायला दुसरा पावसाळा लागतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पंधरवड्यातला एक तास यासाठी ठरवून राखून ठेवावा. या सगळ्या कामांत कोणत्या एका कामावर मी सर्वाधिक भर देत असेन तर तो यावर.

तणनाशकाचा मोह बहुतेकांना होतो. ग्लायफोसेट हरळी आणि तण यांत भेद करत नाही, त्यामुळे तणाबरोबर हिरवळही जळते. शिवाय २०२२ साली केंद्र सरकारने त्याच्या वापरावर निर्बंध घातले आहेत. रुंद पानांच्या तणावर वापरले जाणारे टू-फोर-डी वाऱ्याबरोबर उडून शेजारच्या गुलाबाला, टोमॅटोला आणि द्राक्षवेलीला इजा करते. एवढ्याशा जागेत, जिथे मुले खेळणार आहेत, तिथे खुरपेच योग्य.

जमीन मोकळी करणे

घरासमोरच्या जमिनीची खरी अडचण खाली दडलेली असते. बांधकाम संपताना ठेकेदार उरलेली खडी, विटांचे तुकडे आणि मुरूम सपाट करून त्यावर दोन-चार इंच लाल माती पसरवतो आणि त्यावर गवत लावले जाते. पहिले वर्ष हिरवेगार जाते. मग मुळे त्या थराला टेकतात आणि वरची माती उन्हात तापली की गवत होरपळते. पहार सगळीकडे टोचून पाहावी. ज्या ठिकाणी ती वितीभरही खाली जात नाही, तिथे खणून राडारोडा बाहेर काढल्याशिवाय पुढचा सर्व खर्च व्यर्थ आहे. एवढ्या कामासाठी एक दिवसाची मजुरी जरूर द्यावी. थोड्या पैशांत सर्वांत जास्त फळ देणारी मजुरी हीच असते.

बाकीच्या भागात खणण्याची गरज नाही, कारण खणण्याने जिवंत खोडे तुटतात आणि तणाचे बी वर येते. तिथे नुसती भोके पाडावीत. बागेचा काटा असेल तर उत्तम, नसेल तर टोकदार जाड सळई किंवा लहान पहार घेऊन दर अर्ध्या वितीवर चार इंच खोल भोक पाडावे आणि हत्यार थोडे पुढेमागे हलवून बाहेर काढावे. याची वेळ मात्र अचूक साधली पाहिजे. जमीन वाफशावर असताना, म्हणजे मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि बोटाने टिचकी मारली तर तो फुटतो, अशा ओलीत हे काम करावे. ओल्याचिंब काळ्या मातीत भोके पाडली तर त्यांच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात, आणि त्यावर चालण्याने जमीन आणखी दबते. पावसाने उघडीप दिल्यावर हलक्या जमिनीला एखादा दिवस आणि काळ्या जमिनीला तीन-चार दिवस वाफशाला लागतात.

भोके पाडल्यावर त्यांत आणि वर पसरायला मिश्रण तयार करावे. पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि चाळलेली पोयट्याची माती समप्रमाणात घ्यावी, आणि त्यात पाच किलो निंबोळी पेंड व एक किलो सिंगल सुपर फॉस्फेट मिसळावे. साऱ्या हिरवळीवर अर्धा सेंटिमीटर थर द्यायला सुमारे वीस घमेली मिश्रण लागते, त्यामुळे ब्रासभर, म्हणजे १०० घनफूट माती मागवून अंगणात ढीग लावून ठेवू नये. मिश्रण पसरून खराट्याने उलटसुलट झाडावे, म्हणजे ते भोकांत आणि गवताच्या बुडाशी उतरते. शेवटी गवताची टोके वर दिसली पाहिजेत. एक सेंटिमीटरपेक्षा जाड थराखाली अशक्त गवत दबून जाते.

शेणखताच्या निवडीत काटकसर करू नये. अर्धवट कुजलेल्या, वास येणाऱ्या शेणखतातून तणाचे बी आणि गवताची मुळे खाणाऱ्या हुमणीच्या अळ्या घरात येतात आणि वर्षभराचे काम वाढवतात. हातात घेतल्यावर ते काळपट, रवाळ आणि मातीच्या वासाचे असावे. काळ्या मातीत वाळू मिसळण्याचा सल्लाही पुष्कळ ठिकाणी मिळतो. थोडीशी वाळू चिकणमातीत मिसळली तर जमीन मोकळी होण्याऐवजी अधिक कठीण होते, म्हणून काळ्या जमिनीला सेंद्रिय खतच द्यावे.

माती परीक्षणाचा खर्च थोडा असतो आणि जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात ते करून मिळते. अंगणात आठ-दहा ठिकाणी वितीभर खोलीपर्यंतची माती घेऊन ती एकत्र करावी, सावलीत वाळवावी आणि त्यातली अर्धा किलो पिशवीत भरून द्यावी. पठारावरची काळी जमीन बहुधा चुनखडीयुक्त आणि विम्लधर्मी (अल्कधर्मी) निघते. अशा जमिनीत, त्यातून कूपनलिकेचे जड पाणी असेल तर, पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, कारण जमिनीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. तेव्हा युरिया वाढवत नेण्यात अर्थ नसतो. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारावे आणि पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा फवारावे. हे पाणी शहाबादी फरशीवर किंवा भिंतीवर उडाले तर गंजाचे डाग कायमचे राहतात, म्हणून कडेची फरशी आधी भिजवून झाकून घ्यावी.

मोकळ्या जागा भरणे

हे सर्व झाल्यावर दोन-तीन आठवडे पावसात गवत कुठे आपोआप फुटते ते पाहावे. ज्या जागा मोकळ्या वाटत होत्या त्यांतल्या अनेक स्वतःच भरून येतात. ज्या भरत नाहीत तिथे आपल्याच हिरवळीतले ठोंब लावावेत. समजा, ५० चौरस फूट जागा उघडी आहे. अर्ध्या फुटावर एक ठोंब धरला तर २०० ठोंब लागतात, आणि दोन इंच लांब-रुंद असे २०० ठोंब जेमतेम साडेपाच चौरस फूट गवतातून निघतात. ते एकाच ठिकाणाहून न घेता दाट भागातून विखरून घेतले तर मूळ जागेवरच्या खुणा पावसाळ्यातच बुजतात. म्हणजे या कामाला एक रुपयाही लागत नाही.

ठोंब पुरेसे नसतील तर खोडांचे तुकडे लावावेत. प्रत्येक तुकड्याला तीन-चार गाठी असाव्यात. त्यांतल्या दोन गाठी तिरप्या मातीत जाव्यात, एक-दोन वर राहाव्यात, आणि बाजूची माती अंगठ्याने घट्ट दाबावी. हवेची पोकळी राहिलेला तुकडा दोन दिवसांत वाळतो. काढलेली खोडे ओल्या गोणपाटात ठेवून त्याच दिवशी लावून टाकावीत. पाऊस नसेल तर पहिला आठवडा-दहा दिवस झारीने सकाळ-संध्याकाळ हलके पाणी द्यावे. पावसाच्या हवेत सहा ते आठ आठवड्यांत ही जागा मिटून येते.

शेतातली रानटी हरळी आणून बारीक पानाच्या हिरवळीत लावू नये, कारण तिची पाने रुंद व निळसर असतात आणि ठिगळ कायम उठून दिसते. बियांची पाकिटेही नवख्याने टाळावीत. हरळीचे बी फार बारीक असते, जुने असले तर उगवत नाही आणि जोराच्या एका सरीत वाहून जाते. नवे गवत घेणे भागच असेल तर 'मेक्सिकन' नावाने मिळणारे गादीसारखे गवत दिसायला सुंदर असले तरी हळू वाढते, महाग पडते आणि त्याच्या उंचवट्यांची निगा राखणे कठीण जाते. मोठ्या मोकळ्या जागेला आणि मुलांच्या पायांना हरळीच टिकते.

खत आणि कापणी

नवी फूट चार बोटे झाली की पहिली कापणी करावी, आणि तिच्यानंतर २५० ग्रॅम युरिया द्यावा. युरियात ४६ टक्के नत्र असल्याने मूठ सैल पडली की पाने करपतात, म्हणून तो घमेलेभर कोरड्या चाळलेल्या मातीत मिसळावा, अर्धा भाग उत्तर-दक्षिण आणि अर्धा पूर्व-पश्चिम चालत फेकावा. पाने कोरडी असताना टाकून लगेच पाणी द्यावे किंवा रिमझिम पावसाच्या आधी टाकावा. मुसळधार पावसाच्या तोंडावर टाकलेला युरिया गटारात जातो. हीच मात्रा ऑगस्टच्या मध्यात आणि सप्टेंबरच्या अखेरीस पुन्हा द्यावी. त्यानंतर थंडी संपेपर्यंत नत्र देऊ नये.

पावसाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी कापणी लागते. एका वेळी पानांच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये आणि गवत तीन ते चार सेंटिमीटरवर ठेवावे. वारंवार आणि थोडे कापल्याने हरळी वर जाण्याऐवजी आडवी पसरते आणि दाट होते; दाट हरळीत तणाला ऊन मिळत नाही. पात्याला धार असावी, कारण बोथट पात्याने पाने फाटतात आणि दुसऱ्या दिवशी सबंध हिरवळ राखाडी दिसते. बारीक कापलेले गवत जागेवरच राहू द्यावे, ते खताचेच काम करते. गणपतीच्या दिवसांत शेजारीपाजारी दूर्वा मागायला येतात, तेव्हा कडेचा एखादा पट्टा न कापता राखून ठेवावा, आणि त्या पट्ट्यावर कसलीही फवारणी करू नये.

हुमणी

ऑगस्ट-सप्टेंबरात पाऊस चांगला असूनही गवताचे पट्टे पिवळे पडू लागले आणि धरून ओढल्यावर सतरंजीसारखे उचलले गेले, तर खाली हुमणी आहे. तिथे एक फूट चौकोनात चार इंच माती उकरली की इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, पांढुरक्या अंगाच्या आणि तपकिरी डोक्याच्या अळ्या दिसतात. एखाददुसरी दिसली तर काळजी नको. प्रत्येक चौकोनात पाच-सहा सापडू लागल्या तर उपाय करावा. माती उकरून अळ्या वेचून काढाव्यात, साळुंक्या आणि बगळे उरलेल्या टिपतात. पुढे मेटारायझियम ही मित्रबुरशी कुजलेल्या शेणखतात मिसळून ओल्या जमिनीत संध्याकाळी द्यावी. ती कृषी विज्ञान केंद्रांत आणि कृषी सेवा केंद्रांत मिळते. याचा खरा बंदोबस्त मात्र वळवाच्या पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी होतो. त्या वेळी हुमणीचे भुंगेरे, म्हणजे प्रौढ किडे, जमिनीतून निघून कडुनिंबावर आणि बाभळीवर जमतात. फांद्या हलवून ते खाली पाडावेत आणि रॉकेलमिश्रित पाण्याच्या बादलीत टाकावेत, म्हणजे पुढची अंडीच टळतात.

पाणी आणि उन्हाळा

पंचवीस मिलिमीटर पाणी म्हणजे ५०० चौरस फुटांना सुमारे साडेअकराशे लिटर, आणि हिरवीगार हरळी ऑक्टोबरच्या उन्हात आठवड्याला जवळपास तेवढे मागते. ते रोज थोडे थोडे देऊ नये. आठवड्यातून दोनदा, पहाटे, पाणी चार-पाच इंच खोल जाईल असे द्यावे. पाणी दिल्यावर स्क्रूड्रायव्हर सहज किती खोल जातो त्यावरून ओल कळते. रोजच्या शिडकाव्याने मुळे वरच राहतात आणि एका कोरड्या आठवड्यात गवत माना टाकते. भाज्या आणि डाळ-तांदूळ धुतलेले पाणी हिरवळीला चालते. जलशुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्षार जास्त असतात, म्हणून ते निम्मे साधे पाणी मिसळून आणि जागा बदलत द्यावे. जमिनीवर पांढरी पुटे दिसू लागली तर बंद करावे.

एप्रिल-मे महिन्यांत टँकर मागवून हिरवळ हिरवी ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या जिल्ह्यांत त्याच महिन्यांत गावेच्या गावे पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहतात, तिथे अंगणात पिण्याचे पाणी ओतणे बरोबर नाही, आणि हरळीला त्याची गरजही नाही. ती वरून वाळते, खाली जिवंत राहते. दोन-तीन आठवड्यांतून एकदा ५०० लिटर पाणी मिळाले तरी तिची खोडे तगतात. या काळात तिला कापू नये, खत देऊ नये आणि तिच्यावर गाडी उभी करू नये. तेवढेही पाणी नसेल तर हिरवळच लहान करावी: ५०० ऐवजी ३०० चौरस फूट ठेवून उरलेल्या कडेला जास्वंद, कण्हेर, गवती चहा आणि कोरफड लावावी, आणि त्यांच्या बुडाशी वाळलेल्या गवताचे आच्छादन करावे.

दुसऱ्या वर्षीचा खर्च पहिल्याच्या मानाने फारच कमी असतो. मे अखेरीस बुडाशी कापणी, दाताळ्याने वाळका थर काढणे, वाफशावर भोके पाडून दहा-बारा घमेली मिश्रण पसरणे, आणि लव्हाळ्यासाठी पंधरवड्याचा तो एक तास. राडारोडा एकदा निघालेला असला की मजूर लावण्याचीही वेळ येत नाही.